लाल फ्रिज

बेलकासम काकांनी कंपनीला पत्र लिहिलं:
तुमचा फ्रिज घेऊन जा.
एवढंच. फ्रेंचमध्ये, दोन चुकांसकट.
मी दुरुस्त करायला पेन उचललं तर म्हणाले,
राहू दे नवेल, चुका माझ्या आहेत,
फ्रिज त्यांचा.

अकरा वर्षं तो दाराशी उभा होता,
फुकट आलेला, आतून दिवा लागणारा.
करार असा, की त्याच्या पोटात
परक्या कंपनीची बाटली जायची नाही.
एकदा काकूचं इन्सुलिन ठेवलं होतं वरच्या कप्प्यात,
तर तपासायला आलेल्या माणसाने
एका बोटाने ते कडेला सरकवलं,
ताटातला खडा सरकवावा तसं.
काका तेव्हा काही बोलले नाहीत.
त्याला कॉफी दिली.

जून होता. रोजे होते.
रुबेमध्ये जूनचा सूर्य दहा वाजले तरी हलत नाही,
बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीवर
उधारीवाल्यासारखा बसून राहतो.
दोन माणसं ढकलगाडी घेऊन आली.
फ्रिज सरकला. खाली निघाली
बोटभर धूळ, एक खजुराची बी,
माझं लायब्ररीचं कार्ड, सातवीतलं,
आणि एक पांढरा चौकोन
जिथे फरशी अजून नवीच होती.

स्लिमानच्या व्हॅनमधून नवा कोला उतरला.
नाव नखला. लेबलवर खजुराचं झाड,
काढलंय असं की उलटा झाडूच.
अर्कात स्पिरिटचा थेंब नाही,
बाटलीमागे दहा सेंट अनाथ मुलांना,
असं हिरव्या अक्षरांत.
सी ताहर काठी टेकत म्हणाले,
साखरपाण्याला कसलं आलंय हलाल?
स्लिमान म्हणाला, बाटलीत काय आहे ते बघू नका,
पैसा जातो कुठे ते बघा.
मग दोघं बराच वेळ पैशाबद्दल बोलले,
उपाशीपोटी, म्हणून जरा मोठ्याने.

आम्ही बाटल्या कपडे धुवायच्या टबात ठेवल्या,
मासेवाल्याकडून बर्फ आणून.
बर्फाला बोंबलाचा नसला तरी
कसला तरी वास होताच.
शाळेतली पोरं प्यायली आणि म्हणाली, खोकल्याचं औषध.
दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

रात्री हिशेब करताना मी बारीक अक्षरं वाचली.
भरण्याचं ठिकाण: तेच गाव,
तोच कारखाना, जिथे लाल बाटल्या भरतात.
मी बाटली काकांसमोर धरली.
बोटाने ओळ दाखवली.
ते चष्मा न लावताच म्हणाले, ठाऊक आहे.
दुकानाआधी सहा वर्षं होतो तिथे. झाकणांच्या रांगेवर.
डाव्या कानाने अजून ऐकू येत नाही, ते तिथलंच.
मग?
मग काय. मशीन तेच.
तिथे पोरं कामाला आहेत, त्यांना पगार हवा.
उरलेल्या पैशाचं मी बघतो.

दहा सेंटचं त्यांनी वेगळं पान केलं वहीत.
लेबलवरच्या नंबरावर फोन केला, तीनदा.
वाजत राहिला.
चौथ्यांदा एका बाईने उचलला, पत्ता दिला,
पावती येईल म्हणाली. अजून आली नाही.
पान भरत चाललंय.

ऑगस्टात एका खाटकाचा जुना फ्रिज मिळाला,
हप्त्यांवर. रात्रभर घुरघुरतो,
दिवा लागतो तर दार नीट लागत नाही.
तोवर गिऱ्हाइकं त्या पांढऱ्या चौकोनाला
वळसा घालूनच आत यायची,
जणू तिथे अजून काही उभंच होतं.

काकांनी फ्रिज पुसला, तारेला चिकटपट्टी लावली,
आणि नखलाच्या बाटल्या आणायला मला आत पाठवलं.
मी आले तोवर वरचा कप्पा भरला होता:
काकूचं इन्सुलिन,
अगदी मधोमध.