पितळी बिल्ले

बर्नलीच्या बस डेपोत भिंतभर एक फळा होता,
फळ्यावर खिळे, खिळ्यांवर पितळी बिल्ले,
एक बिल्ला म्हणजे एक ड्रायव्हर.
एकशे बारा.
ग्लेनिस रोज दुपारी तीनला शिडीवर चढायची
आणि उद्याचा दिवस टांगून ठेवायची.

मी आले तो फळा उतरवायला.
माझ्या कार्डावर लिहिलंय : बदल व्यवस्थापन.
आई फोनवर विचारते, म्हणजे नक्की काय बदलतेस गं?
मी विषय बदलते.

पहिल्या दिवशी स्लाइड लावली :
आधी उतरता आलेख, मग दरी, मग चढ.
मागे कुणीतरी सँडविचचा कागद चुरगळला.
ग्लेनिसनं विचारलं, "यात मी कुठंय?"
मी दरीवर बोट ठेवलं.
"बरं," म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

शिकली मात्र सगळ्यांआधी तीच.
लॉगिन, रजा, पाळ्यांची अदलाबदल,
चश्मा कपाळावर, एका बोटानं.
एकदाच थबकली :
"क्लाइव्ह आणि बर्निस समोरासमोर येऊ नयेत,
हे कुठं भरायचं?"
चौदा वर्षांपूर्वी मोडलेलं लग्न.
चौदा वर्षं ती ते दोन बिल्ले
फळ्याच्या दोन टोकांना टांगत आली होती,
कुणी न सांगता.
मी म्हटलं, तो रकाना पुढच्या टप्प्यात बघू.
पुढचा टप्पा म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं.
मलाही.

सोमवारी यंत्रणा सुरू झाली.
दुपारी एक चाळीस, सहा नंबरची गाडी :
क्लाइव्ह उतरणार, बर्निस चढणार.
आम्ही दोघी काचेआडून बघत होतो,
ग्लेनिसच्या हातातला चहा निवत होता.

क्लाइव्हनं इंजिन बंद केलं,
पण लगेच उतरला नाही.
वाकून सीटखालचा दांडा ओढला,
सीट पुढं घेतली, वर घेतली,
आरसा खाली केला. थोडा. अजून थोडा.
मग उतरला, मान हलवली, गेला.

बर्निस चढली.
तिला काहीच हलवावं लागलं नाही.

"म्हणजे मी चौदा वर्षं..."
ग्लेनिसनं वाक्य तिथंच सोडलं.
पितळ उघडं पडलं असं आम्ही म्हणतो,
पण कुणाचं, ते मला सांगता येईना :
तिचं, माझं,
की ज्याला काहीच ठाऊक नव्हतं त्या सॉफ्टवेअरचं.
अहवालात लिहिलं, स्वीकार शहाण्णव टक्के.

मंगळवारी तीनला ती सवयीनं उठली,
शिडी ओढली, भिंतीला टेकवली.
समोर नुसता फिकट चौकोन.
"आणलीच आहे तर," म्हणाली,
आणि वर चढून
घड्याळातला सेल बदलला.