लांडगीण

तेरच्या पांढरीवर, उकिरड्याच्या कडेला
धुरपदाच्या शेळीनं खुरानं उकरला
हिरवट, चिंचोक्याएवढा तुकडा.

पदरानं घासला.
एकीकडं टोप घातलेलं कुणी, नाक झिजलेलं.
दुसरीकडं लांडगीण,
आणि तिच्या सडांना दोन माणसाची लेकरं.

मास्तर म्हणाले, रोमचं आहे.
रोम कुठं, तिनं विचारलं नाही.
गफूर भंगारवाला म्हणाला, तांबं हलकं,
दोन रुपये.

दिलं नाही.
गेल्या पंधरवड्यात लांडग्यानं करडू नेलं,
ओढ्यापर्यंत रक्त.
तरी रात्री दिव्यापाशी पुन्हा पाहिलं:
मान मागं वळवलेली,
चाटतेय की मोजतेय, कळेना.

"पान्हा असंलच की तिलाबी,"
म्हणाली,
आणि गोठ्याचा कोयंडा दोनदा चाचपून निजली.