आरसा धरणारी

तेक्ला नोर्बीबाई आल्या त्या मे महिन्यात.
घोडागाडीत काचांच्या पेट्या, पेट्यांत गवत,
आणि गाडीमागून त्या स्वतः पायी,
कारण माणूस बसलं की काचा दचकतात म्हणे.

गॉटलंड बेटावरचं आमचं चर्च साडेसहाशे वर्षांचं.
बाप घंटा वाजवायचा, किल्ली त्याच्याकडे.
त्यानं विचारलं, आतलं कशाला काढता?
बाहेरून बरं दिसतं.
बाई म्हणाल्या, बाहेर ऊन सगळं सांगून टाकतं.

आत अंधार असा मुरलेला
की डोळा सरावायला अख्खं एक स्तोत्र लागे.
भिंगाला त्याहून जास्त. पन्नास मिनिटं.
तेवढ्यात पाद्रीबुवा दोनदा डोकावून गेले,
काचेला त्यांचा पत्ता नाही.

उत्तरेच्या भिंतीला खिडकीच नव्हती.
बायकांची बाजू ती.
तिथं उजेड हवा तर उचलून न्यावा लागणार,
म्हणून आईचा लग्नातला आरसा आणला,
कोपऱ्यात पारा उडालेला,
आणि तो धरायला मी, बोटिल्डा, वय अकरा,
घरी लोणी काढायचं अर्धं टाकून आलेली.

दारातलं ऊन आरशात घ्यायचं
आणि फिरवत राहायचं, चुना देतात तसं, एकसारखं.
थांबलीस तर डाग पडेल, बाई म्हणाल्या.
मी फिरवलं. कमानीच्या बरगड्या,
खांबाच्या माथ्यावरची दगडी पानं,
पानांत लपलेलं एक तोंड, जीभ काढलेलं,
ज्याच्याखाली मी दर रविवारी बसत होते
आणि जे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

खांदे भरून आले.
पन्नास मिनिटं म्हणजे किती
ते लोणी काढणाऱ्याला विचारा.

मग आई आली. दाराच्या कडेला,
उन्हाला वाट देऊन उभी राहिली,
बाह्या वर सारलेल्या.
बोलली काहीच नाही.
माझी नजर तिच्यावर, आरसा तसाच.
भिंतीवर उजेड एका जागी बसून राहिला.
किती वेळ, मोजलं नाही मी.

रात्री घंटाघराच्या तळाशी, तांबड्या कंदिलात
बाईंनी काच धुतली, मला जवळ बोलावलं.
सगळं उलटं. खिडक्या डांबरासारख्या,
अंधार मात्र आरपार.
निळ्या झग्यातली मरियम कुठंय, मी विचारलं.
निळं काचेला नुसतं पांढरं दिसतं, त्या म्हणाल्या,
पिवळं-तांबडं काळं. तिचे डोळे वेगळे.
आणि उत्तरेच्या कोऱ्या चुन्यात,
मी थांबले होते बरोबर तिथं,
एक पुसट बाई. वाकलेली. हातात दांडा.

ओल असेल, बाप म्हणाला.

पुस्तक स्टॉकहोमला छापलं. पान चौदा:
‘अंतर्भाग, पश्चिमेकडून’. खाली बाईंचं नाव.
असे डाग सगळे ब्रशनं झाकतात.
त्यांनी झाकला नाही.

अठ्ठावीस वर्षांनी ते पान हातात घेऊन
विद्वान आले, बोथट सुऱ्यांनी चुना सोलायला.
संत निघणार म्हणून नव्या पाद्र्यांनी
आधीच वर्गणी गोळा केली होती.
निघाली ती लोणी काढणारी.
मागे शेपटीवाला सैतान, दांड्याला हात लावू लागलेला,
आणि तिच्या चेहऱ्यावर पापबिप काही नाही,
आज तरी येतंय का लोणी, एवढंच.
वर्गणी परत द्यायची का, यावर दोन सभा झाल्या.

आरसा माझ्याकडे आहे. पारा आणखी उडालाय.
मी त्यात तुकड्यातुकड्यांनी दिसते.
ऊन मात्र अजून मावतं.

आई त्याआधीच गेली होती.
तिला ती बाई दाखवायची राहिली.
बघितलं असतं तर म्हणाली असती,
दांडा फार वर धरलाय.