रकाना

"दहापैकी किती दुखतं?" फोनवरची बाई विचारते.
ऋजुता मराठीत सांगते. मी म्हणते,
रात्री बाळ रडतं, मी उठते
आणि हात उशीवरच राहतो, तेवढं.
"आई, आकडा सांग."

बरं, सात.

डिंक संपला म्हणून निघाले होते.
पिट्सबर्गच्या पुलावर, बर्फात,
देस्ताची गाडी गरकन फिरली.
उजव्या मनगटात आता पट्टी आणि सहा स्क्रू.
कंपनी म्हणते, ड्रायव्हर आमचा नोकर नव्हे.
विमेवाले म्हणतात, ॲप चालू होतं की बंद, बघू.
ॲपने मात्र पूर्ण भाडं कापलं
आणि विचारलं, किती तारे द्याल?

"बुडालेलं उत्पन्न?"
ऋजुता माझ्याकडे बघत नाही.
शून्य, ती सांगते.

तिचा शेक, बाळाची अंघोळ,
परातीत तसंच राहिलेलं लाडवांचं सारण,
त्याला रकाना नाही.

वकील म्हणतो, देस्ताचा दोष ठासून सांगा.
त्याने जाकीट काढून माझ्यावर घातलं होतं,
त्याचेच दात वाजत होते.
हे इंग्रजीत कुठे लिहितात
ते अजून ऋजुताला विचारलं नाही.

तारे पाच दिले. डाव्या अंगठ्याने.