परतीचा मैल

नियम असा, वासुदेव टोणपे सांगायचे,
चिंधीनं नखांतलं ग्रीस काढत:
मैल एकदाच धावून चालत नाही.
वळायचं, आणि तासाच्या आत
त्याच मैलावरून उलटं यायचं.
जाण्याची आणि येण्याची सरासरी, तोच विक्रम.
वारा एकदा तरी तोंडावर घ्यावाच लागतो, बेटा.

मोटारखान्याच्या रद्दीत विलायती मासिकं निघायची.
त्यांतून उतरवलेली त्यांची वही, निळ्या शाईची:
ओल्या वाळूवरच्या गाड्या, मग मिठावरच्या,
विमानांची इंजिनं खाली उतरवून
चाकांना जुंपणारी माणसं.
एक पान मला पुन्हा पुन्हा वाचायला लावत.
सत्तेचाळीसचा सप्टेंबर. एका बाजूनं तीनशे पंच्याऐंशी,
दुसऱ्या बाजूनं चारशे तीन.
चारशेच्या पार जाऊन आला माणूस
आणि नोंद तीनशे चौऱ्याण्णवची.
"जास्तीचं मिळालं तर वाटून टाकावं लागतं,"
म्हणायचे, आणि बराच वेळ पान उलटायचे नाहीत.

संस्थान विलीन झालं. मोटारखान्याचा लिलाव झाला.
यांच्या वाट्याला आठ सिलिंडरचं एक इंजिन,
ब्लॉकला चीर गेलेलं.
सियागंजात हमीद खराद्यानं पिस्टन ओतले
भंगारातली अ‍ॅल्युमिनियमची भांडी वितळवून.
"आत पातेली आहेत," हसायचा,
"तापलं तर डाळ टाका."

बावन्नचा जानेवारी, महूचा रस्ता.
मैलाच्या दोन दगडांना चुना फासलेला.
पलीकडच्या दगडाशी हमीद आरसा घेऊन,
अलीकडे मी, तेरा वर्षांची,
हातात शाळेच्या ड्रिलमास्तरांचं स्टॉपवॉच.
(ड्रिलमास्तर म्हणजे आमचे बाबा. त्यांना विचारलं नव्हतं.)
कवडसा चमकला, मी दाबलं.
आवाज नंतर आला. आधी बाभळीवरचे बगळे उठले,
मग रस्त्यावरून काहीतरी काळं,
कुणी रस्ताच ओढून घ्यावा तसं.

तेहतीस सेकंद, दोन पंचमांश.

थांबायलाच त्यांना सव्वा मैल लागायचा,
ब्रेक छकड्याच्या लायकीचे,
आणि तो सव्वा मैल संपायचा
राऊच्या फाटकापलीकडे.

फाटक पडलं.
मालगाडी आली, येत राहिली, आणि उभी राहिली.
मीटरगेजला कसली घाई!
मी धावत पोचले, मागून हमीद सायकल मारत आला,
तरी डब्यांच्या फटीतून आम्हाला नुसती
त्यांची पायताणं दिसत होती,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
फाटकवाल्या रामदीननं म्हणे त्यांना चहा दिला,
विचारलं, "बाबूजी, एवढ्या घाईत कुठे?"
"परत," वासुदेव म्हणाले.

एक तास अकरा मिनिटांनी फाटक उघडलं.
ते आले ते दुसऱ्या गिअरमध्ये,
सायकलवाल्यांना वाट देत.

वहीत त्यांची ओळ आहे.
जाताना: एकशे सात. येताना: कोरं.
सरासरीच्या रकान्यात पेन्सिलीचा ठिपका,
टोक टेकवून उचललेलं.

पुढे जेट आले, मागे आग सोडणारे.
वासुदेवांनी पानावर उभी रेघ मारली, पिस्टन डावीकडे.
"त्यांना मागून धक्का आहे. यात चाक स्वतः फिरून राहिलंय."
उजवी बाजू त्यांनी कधी भरलीच नाही.

हमीद शेवटपर्यंत म्हणायचा, त्या मालगाडीत मीठ होतं,
म्हणून अडली, मिठाला मिठाची ओढ.
मला तर कापसाच्या गासड्या आठवतात,
गिरणीकडे निघालेल्या.
एकदा वासुदेवांनाच विचारलं.
कार्बोरेटर फुंकत होते. मान वर न करता म्हणाले,
"माल नाही पाहिला. डबे बेचाळीस.
इंजिनाकडून मोजले, मग गार्डाकडून."