एक जून

टोलीडो गावात, चर्चच्या तळघरात,
दर गुरुवारी आम्ही माणसांना
ती कोण आहेत ते मिळवून देतो.
फुकट. फी चर्च भरतं.
कॉफी पातळ असते, प्रिंटर लहरी.

ऑर्व्हिल टिब्स खुर्चीच्या टोकाशी बसतो,
आत्ता कुणीतरी ऊठ म्हणेल अशा बेतानं.
पाठीवरची पिशवी मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात.
मी विचारते, ओळखपत्र?
ते असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो, बाई?
बरोबर आहे. पण फॉर्मवर तो रकाना आहे.

जन्मदाखला हवा, तर ओळखपत्र दाखवा.
ओळखपत्र हवं, तर जन्मदाखला.
आमच्यात म्हणतात, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही
आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.
मी जमेल तसं इंग्रजी करून सांगते.
तो इतका हसतो की खोकल्याची उबळ येते,
मग म्हणतो, दोनदा केलं. नाही गेलं.

मिसिसिपीला तीन पत्रं धाडली.
सात आठवड्यांनी दाखला आला:
आडनाव टिब्स. नाव: मुलगा.
बस, एवढंच. सुईण घाईत असेल,
पुढच्या घरी कुणी अडलेली असेल.
म्हणजे बासष्ट वर्षं हा माणूस सरकारदरबारी
बारशाआधीच्या पाळण्यात पडून आहे,
आणि पाय पुलाखालच्या तंबूबाहेर येतात.

आता त्याला ओळखणारं कुणीतरी हवं, शपथेवर.
बहीण आहे गॅरीला. बर्निस.
अकरा वर्षांत फोन नाही.
मीच लावला, स्पीकरवर टाकला.
पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.
मग ती म्हणाली, त्या गाढवाला विचार,
माझी इस्त्री कुठंय.
आमच्यात नाव आत्या ठेवते, कानात कुर्र करून.
याचं बहिणीनं ठेवलं,
नोटरीच्या शिक्क्यासकट, टपालानं.

झेरॉक्स गरम होईपर्यंत मी त्याला सांगितलं
जे इथल्या कुणालाच सांगितलं नव्हतं:
माझी जन्मतारीख खोटी आहे.
शाळेत घालताना मास्तरांनी एक जून लिहिली,
माझी, आणि वर्गातल्या आणखी एकोणतीस जणांची.
आईला आठवायचं ते एवढंच
की ज्वारी हुरड्यात आली होती,
म्हणजे थंडी असणार.
पासपोर्ट, नागरिकत्व, पेन्शन,
सगळं त्या मास्तरांच्या टाकावर उभं आहे.
कुणी कधी मान वर करून पाहिलं नाही.
तुझं सगळं खरं, ऑर्व्हिल, आणि कागद नाही.
तो म्हणाला, चांगला होता मास्तर. हात लागायला हवा होता.

फोटोसाठी भिंत नव्हती, नुसते पाइप.
मी नि डग्लसनं पांढरी चादर धरली मागे.
त्यानं कंगवा मागितला. नव्हता.
बोटं ओली करून त्यानं दाढी बसवली.
डोळ्यांचा रंग? मी विचारलं.
तूच बघून सांग, बऱ्याच दिवसांत कुणी पाहिले नाहीत.
तपकिरी. डाव्यात मोतीबिंदू सुरू झालाय.
रकान्यात फक्त तपकिरी मावलं.

कार्ड आलं ते त्यानं दिव्याखाली धरलं,
उलट केलं, सुलट केलं,
मोज्यात घातलं, आणि काही न बोलता
दोन डोनट घेऊन गेला.

मार्चमध्ये नगरपालिकेनं पुलाखाली साफसफाई केली.
तंबू, गाद्या, एक सायकल, औषधं, सगळं डंपरमध्ये.
धुतलेले मोजे दोरीवर वाळत होते, ते धरून.
कार्ड एकाच मोज्यात होतं.

गुरुवारी तो परत आला.
खुर्चीत या वेळी जरा मागे सरकून बसला.
माझ्या कपाटात सगळ्याची प्रत होती,
बर्निसच्या शिक्क्याचीसुद्धा. तरी फॉर्म नवा.
नाव?
ऑर्व्हिल टिब्स, मोठ्यानं.
जन्मतारीख?
त्यानं चांगला डोळा मिचकावला.
एक जून चालेल?
नको रे बाबा, मी म्हटलं,
तिथं आधीच फार गर्दी आहे.