होकार

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली,
घड्याळाच्या डोक्यावर रोज अकराला उगवतं:
पाठिंबा लवकरच संपत आहे.
पहिल्यांदा वाटलं, कुठलं तरी सरकार पडतंय.
मग कळलं, हे माझ्याच डब्याबद्दल आहे,
पॉलिसी पिकली तेव्हा घेतलेल्या,
ज्याच्यावर चौदा वर्षं मी मरोळची लग्नं जुळवते आहे,
म्हणजे, जुळलेली छापते.

दोन बटणं. आता करा. नंतर आठवण करा.
मी नंतर दाबते.
या घरात मला रोज काही विचारणारं
दुसरं कोणी नाही.
लगेच हो म्हणून संपवायचं कशाला?

निनाद म्हणतो, मावशी, व्हायरस येतील,
बँकेतलं सगळं घेऊन जातील.
माझ्या बँकेत काय आहे ते पाहिलं
तर व्हायरसच चार पैसे टाकून जाईल.

ग्लॅडविन, चर्चमागचा,
ज्यानं दोनदा पंखा बदलला आणि एकदा रॅम,
स्क्रू ओठांत धरून म्हणाला,
नवीन टाकलंस तर प्रिंटर बोलायचा नाय, शालन.
आणि तुझा तो फॉन्ट मेला समज.

फॉन्ट जुना, युनिकोडच्या आधीचा.
त्यात श्र तुटका येतो.
श्री, श्रीधर, श्रावण
दर वेळी हातानं सांधते.
आणि तीच फाइल निनादच्या लॅपटॉपवर उघडली
तर चि. सौ. कां.च्या जागी
टोप्या घातलेली, शेपट्या फुटलेली
परदेशी अक्षरं रांगेत उभी.
भोईरांची मुलगी, पालवांचा मुलगा,
कोणाचं कोणाशी, देवालाही वाचता येईना.

तरी शुक्रवारी जेवण लवकर उरकलं,
पेनड्राइव्ह लावला.
जायचंच असेल तर सगळं बरोबर घेऊन जावं.
चौदाशे बारा फाइली,
वर विमान गेलं की खिडकी थरथरते,
हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकते,
नावं भराभर जातात: साखरपुडा, मुंज, बारसं, वास्तुशांत,
उत्तरकार्य (हे पोस्टकार्डावर, काळी चौकट),
पालव_शेवटचं, पालव_खरंच_शेवटचं,
आणि अगदी तळाशी, या डब्यावरची पहिली:
नमुना.

उघडायची नव्हती. उघडली.
तारीख घातलेली नाही, हॉलची जागा मोकळी,
खाली डाव्या कोपऱ्यात फुगे,
फुग्यांच्या मध्ये, सहा वर्षांच्या निनादनं
एकेक की शोधत टाइप केलेलं:
आमच्या शालनमावशिच्या लग्नाला यायचं हं!

शि ऱ्हस्व.
मी तेव्हाही दुरुस्त केली नव्हती.

फाइल बंद केली.
पाणी प्यायले.
आणि सगळं पेनड्राइव्हमध्ये गेल्याची खात्री करून
पावणेबाराला, ओढणी नीट करून,
हो, कोण बघणार होतं, तरी नीट करून,
दाबलं: आता करा.

गोल फिरला. तपासत आहे.
गोल फिरला.
समोरच्या बिल्डिंगमधला टीव्ही बंद झाला.
मग निळ्या पाटीवर, अगदी सभ्य भाषेत:
क्षमस्व. हा संगणक पात्र नाही.
कारण विचारलं तर म्हणे
आतली एक चिप हवी तशी नाही.

तीन महिने मी ठरवत होते!
ग्लॅडविनशी वाद, निनादशी अबोला,
चतुर्थीनंतर बघू, दिवाळीनंतर बघू,
आणि तिकडे माझ्या होकाराची
कोणी वाटच बघत नव्हतं.
हसू आलं. मोठ्यानं आलं.
पत्रिका छापणाऱ्या बाईला
पत्रिका जुळत नसल्याचं
दुसऱ्यांदा कळवण्यात येत होतं.

सकाळी भोईर आले, धाकटीच्या हळदीचा मजकूर घेऊन.
हाताला सुक्या बोंबलांचा वास, कागद चार घड्यांचा.
ताई, तेच अक्षर ठेवा, म्हणाले,
मोठीच्या वेळचं.

डबा सुरू व्हायला सात मिनिटं घेतो.
चहा होतो तेवढ्यात.
वर, मधोमध, लाल रंगात टाइप केलं
॥ श्री गजानन प्रसन्न ॥
श्र तुटला.
सांधला.